एनबीएचा २०१९-२० हंगाम

नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन म्हणजेच एनबीए ही अमेरिका आणि कॅनडातील तीस संघांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिचा हा चौऱ्याहत्तरावा हंगाम. २२ ऑक्टोबर २०१९ ला सुरू झालेला हा हंगाम ११ ऑक्टोबर २०२० ला संपला. एरवी तो जूनमध्येच आटोपतो. लॉस अँजेलिस लेकर्सने अंतिम मालिकेत मायामी हीटला ४-२ असे हरवून सतरावे विजेतेपद मिळवले आणि बोस्टन सेल्टिक्सच्या विक्रमाशी बरोबरी साधली. या हंगामाची कथा मात्र केवळ गुणफलकावरून कळत नाही. राजकारण, मृत्यू, महासाथ आणि वर्णद्वेष या मैदानाबाहेरच्या गोष्टी वर्षभर मैदानात येत राहिल्या आणि खेळाडूंना प्रत्येक वेळी त्यांना तोंड द्यावे लागले.

हंगामाआधीच्या सराव सामन्यांपैकी दोन मुंबईत झाले. भारतात एनबीएचे संघ एकमेकांशी खेळण्याची ही पहिलीच वेळ. ४ आणि ५ ऑक्टोबरला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज समोरासमोर आले. पहिल्या दिवशी प्रेक्षागारात प्रामुख्याने शाळकरी मुले होती. जादा वेळेपर्यंत ताणलेला तो सामना पेसर्सने १३२-१३१ असा जिंकला. दुसऱ्या दिवशीही तेच सरस ठरले. किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. आपला संघ जन्मगावी आणण्याची त्यांची इच्छा या सामन्यांनी पूर्ण झाली. पुढच्या वसंतात मुंबई महापालिकेने याच डोममध्ये कोविड केंद्र उघडले.

वरळीत पहिला सामना झाला त्याच तारखेला ह्यूस्टन रॉकेट्सचे सरव्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी हाँगकाँगमधील लोकशाहीवादी आंदोलकांना पाठिंबा देणारे ट्विट केले. चीनमध्ये त्यावर मोठा संताप उसळला. सरकारी वाहिनी सीसीटीव्हीने एनबीएचे सामने दाखवणे बंद केले, चिनी प्रायोजक मागे हटले आणि लीगचे कोट्यवधी डॉलरचे उत्पन्न बुडाले. सीसीटीव्हीवर एनबीए पुन्हा दिसली ती थेट वर्षभराने, अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्याला.

उन्हाळ्यातील खेळाडूंच्या अदलाबदलीने लीगचे बलाबल पार बदलून गेले होते. टोरँटो रॅप्टर्सला २०१९ चे विजेतेपद मिळवून देणारा कवाय लेनर्ड लॉस अँजेलिस क्लिपर्सकडे गेला आणि पॉल जॉर्जही तिथेच आला. लेकर्सने लेब्रॉन जेम्सच्या जोडीला अँथनी डेव्हिसला आणले. आधीची सलग पाच वर्षे अंतिम मालिका गाठणारा गोल्डन स्टेट वॉरियर्स संघ केव्हिन ड्युरंटचे जाणे, क्ले थॉम्पसनची दुखापत आणि स्टीफन करीचा मोडलेला हात यांमुळे थेट तळाला गेला. ६५ सामन्यांत त्यांना फक्त १५ विजय मिळाले. साखळी सामन्यांत सर्वांत पुढे होता मिलवॉकी बक्स. त्यांचा ग्रीक खेळाडू यानिस आंतेतोकुम्पो सलग दुसऱ्यांदा सर्वोत्तम खेळाडू ठरला, शिवाय सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कारही त्यालाच मिळाला. एकाच हंगामात हे दोन्ही मान याआधी फक्त मायकल जॉर्डन आणि हकीम ओलाजुवॉन यांना मिळाले होते.

नव्या वर्षाची सुरुवातच निधनाच्या बातमीने झाली. तीस वर्षे लीगची धुरा वाहून तिला जगभर नेणारे माजी आयुक्त डेव्हिड स्टर्न १ जानेवारी २०२० ला वारले. २५ जानेवारीला फिलाडेल्फियात लेब्रॉनने कारकिर्दीतील एकूण गुणांमध्ये लेकर्सचा निवृत्त दिग्गज कोबे ब्रायंटला मागे टाकले. दुसऱ्याच दिवशी कॅलिफोर्नियातील कॅलाबासस येथे झालेल्या हेलिकॉप्टर अपघातात कोबे, त्याची तेरा वर्षांची मुलगी जियाना आणि आणखी सात जण मृत्युमुखी पडले. त्या दिवशीचे सामने रद्द झाले नाहीत, पण खेळाडूंनी श्रद्धांजलीची वाट खेळाच्या नियमांतूनच काढली. चेंडू ताब्यात आल्यावर २४ सेकंदांत बास्केटकडे फेकावा लागतो आणि आठ सेकंदांत अर्धरेषेपलीकडे न्यावा लागतो. कोबेच्या जर्सीचे क्रमांक होते २४ आणि ८. एकामागून एक संघांनी चेंडू हातात धरून घड्याळ संपू दिले, जाणूनबुजून नियमभंग केला आणि प्रेक्षक उभे राहून रडले. फेब्रुवारीत शिकागोच्या ऑल-स्टार सामन्यात, म्हणजे लीगमधील निवडक खेळाडूंच्या दोन खास संघांच्या लढतीत, शेवटच्या सत्रासाठी घड्याळच काढून टाकले गेले. आघाडीवरच्या संघाच्या गुणांत २४ मिळवून जो आकडा येईल, तिथे आधी पोहोचणारा विजयी. लेब्रॉनचा संघ १५७-१५५ असा जिंकला. प्रदर्शनी सामन्यात एरवी न दिसणारी चुरस त्या सत्रात होती.

११ मार्च २०२० च्या रात्री ओक्लाहोमा सिटीत थंडर आणि युटा जॅझ यांचा सामना सुरू होण्याच्या काही क्षण आधी थांबवण्यात आला. जॅझचा फ्रेंच खेळाडू रुडी गोबेअर याची कोविड चाचणी पॉझिटिव्ह आली होती. दोनच दिवसांपूर्वी पत्रकार परिषदेत त्याने थट्टेने सगळे मायक्रोफोन हाताळले होते. त्याबद्दल त्याने नंतर माफी मागितली. काही वेळातच आयुक्त अॅडम सिल्व्हर यांनी हंगाम स्थगित केला. सॅक्रामेंटोतील सामनाही झाला नाही, कारण नेमलेल्या पंचांपैकी एकाने नुकतेच जॅझच्या सामन्यात काम केले होते. अटलांटात मात्र खेळ चालू होता. चार वेगवेगळ्या दशकांत खेळलेल्या व्हिन्स कार्टरला सामना संपता संपता पुन्हा मैदानात उतरवले गेले, कारण हा त्याचा अखेरचा सामना ठरेल हे सगळ्यांनी ओळखले होते. त्याने तीन गुणांचा शॉट टाकला आणि बावीस हंगामांची कारकीर्द तिथे थांबली. कोरोना हे आपल्यावरच आलेले संकट आहे, हे असंख्य अमेरिकनांना त्या रात्री बास्केटबॉलमुळे उमगले.

तोवर १,२३० पैकी ९७१ साखळी सामने झाले होते. जूनमध्ये मालकांनी २९ विरुद्ध १ मतांनी नवी योजना मान्य केली. बाद फेरीची आशा शिल्लक असलेले २२ संघ फ्लोरिडातील ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या परिसरात एकत्र राहतील, प्रत्येक जण आठ सामने खेळेल आणि मग बाद फेरी होईल. या बंदिस्त व्यवस्थेला ‘बबल’ म्हटले गेले. रोज चाचणी, आल्यावर खोलीत विलगीकरण, तीन हॉटेले, तीन मैदाने आणि प्रेक्षकांच्या जागी भिंतीएवढ्या पडद्यांवर घरबसल्या जोडलेले चेहरे. कुटुंबीयांना प्रवेश मिळाला तो थेट बाद फेरीची पहिली फेरी सरल्यावर. अनेक खेळाडूंनी एकटेपणाविषयी, मनावरच्या ताणाविषयी उघडपणे सांगितले. ३० जुलैला खेळ पुन्हा सुरू झाला आणि पहिले दोन गुण गोबेअरनेच केले. आत स्थिरावलेल्या खेळाडूंपैकी एकालाही अखेरपर्यंत लागण झाली नाही. त्या वर्षीची अमेरिकेतील स्थिती पाहता ही कामगिरी कोणत्याही सामन्यापेक्षा मोठी मानायला हवी.

विषाणूला बाहेर ठेवता आले, देशातल्या घडामोडींना नाही. मे महिन्यात मिनिआपोलिसमध्ये पोलिसाच्या हातून कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाला होता. अशा वेळी खेळावे का, यावर खेळाडूंमध्ये गंभीर मतभेद होते. शेवटी मैदानावर ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ ही अक्षरे रंगवली गेली, जर्सीवर नावाऐवजी संदेश आले आणि राष्ट्रगीताच्या वेळी बहुतेक संघ गुडघा टेकून बसले. २३ ऑगस्टला विस्कॉन्सिनमधील केनोशा येथे जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय माणसावर पोलिसाने गोळ्या झाडल्या. मिलवॉकी त्याच राज्यातले. २६ तारखेला बक्सचे खेळाडू ऑर्लँडो मॅजिकविरुद्धच्या सामन्यासाठी ड्रेसिंग रूममधून बाहेर आलेच नाहीत. त्या दिवशीचे तिन्ही सामने झाले नाहीत आणि इतर खेळांतले संघही या बहिष्कारात सामील झाले. हंगाम तिथेच मोडेल अशी स्थिती होती. अखेर संघांची बंदिस्त मैदाने नोव्हेंबरच्या निवडणुकीत मतदान केंद्रांसाठी वापरण्यास लीगने मान्यता दिली आणि २९ ऑगस्टला खेळ पुन्हा सुरू झाला. बाद फेरी चालू असताना खेळाडूंनी स्वतःहून काम थांबवणे ही साधी गोष्ट नव्हे. या हंगामाचे मोजमाप करताना मी तो दिवस अंतिम सामन्याच्याही वर ठेवीन.

घरचे मैदान आणि घरचा प्रेक्षक नाहीसा झाल्याने निकालही अनपेक्षित लागले. वरळीत खेळून गेलेल्या पेसर्सच्या टी. जे. वॉरनने बबलमधील पहिल्याच सामन्यात ५३ गुण केले. डेन्व्हर नगेट्सने आधी जॅझविरुद्ध आणि मग क्लिपर्सविरुद्ध १-३ अशा पिछाडीवरून मालिका जिंकल्या. एकाच बाद फेरीत दोनदा असे पूर्वी कोणत्याही संघाला जमले नव्हते. पूर्व विभागात पाचवे मानांकन असलेल्या मायामीने बक्सचा ४-१ असा फडशा पाडला आणि सेल्टिक्सलाही हरवून अंतिम मालिका गाठली.

तिथे गोरान ड्रागिच आणि बॅम अडेबायो पहिल्याच सामन्यात जखमी झाल्याने मायामीचा भार जिमी बटलरवर आला. तिसऱ्या सामन्यात त्याने ४० गुण, ११ रीबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) आणि १३ असिस्ट (सहकाऱ्याला गुण करून देणारे पास) अशी कामगिरी करून सामना खेचून आणला; पाचवाही जवळपास एकट्याच्या बळावर जिंकून दिला. सहाव्यात मात्र लेकर्सने १०६-९३ अशी बाजी मारली. ३५ वर्षांचा लेब्रॉन मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. तीन वेगवेगळ्या संघांकडून हा मान मिळवणारा तो पहिलाच. प्रेक्षकांविना आणि प्रवासाविना मिळालेले हे विजेतेपद कमी मोलाचे, असे काही जण आजही म्हणतात. हे मत पटत नाही: तीन महिने एका हॉटेलात राहून, जगाची चिंता डोक्यात घेऊन रोज खेळणे हे परगावच्या गोंगाटाइतकेच कठीण होते, आणि ती अट सर्वांना सारखीच होती.

पुढचा हंगाम २२ डिसेंबरलाच सुरू झाल्याने लेकर्सला विश्रांती मिळाली ती जेमतेम दहा आठवड्यांची. बाद फेरीतील आठव्या जागेसाठी ऑर्लँडोत प्रथमच वापरलेली पात्रता लढत, जी पोर्टलंडने मेम्फिसला हरवून जिंकली, पुढे विस्तारून कायमची झाली. त्या लढतीची संधी फिनिक्स सन्सला बबलमधील आठही सामने जिंकूनही मिळाली नव्हती. २०२१ मध्ये त्याच सन्सने लेकर्सला पहिल्या फेरीतच बाहेर काढले आणि अंतिम मालिकेपर्यंत मजल मारली. तिथे त्यांना हरवणारा संघ होता मिलवॉकी बक्स.