बाख यांचा ऑर्गन: एक खुलासा

जर्मनीतील लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये आज दिसणारा ऑर्गन थोर जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख स्वतः वाजवीत असत, हा समज चुकीचा आहे. ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५३९ मध्ये जिथे प्रवचन दिले, त्या या चर्चशी बाख १७२३ पासून १७५० पर्यंत जोडलेले होते. परंतु त्यांचे पद ऑर्गनवादकाचे नव्हे, तर कँटरचे, म्हणजे मुलांचा गायकवृंद घडवणाऱ्या संगीतप्रमुखाचे होते. पश्चिमेकडील सज्जातला भव्य ऑर्गन विल्हेल्म झाउअर यांनी १८८९ मध्ये, बाख यांच्या मृत्यूनंतर तब्बल १३९ वर्षांनी बांधला. ‘बाख ऑर्गन’ या नावाने गोंधळ वाढतो, पण उत्तरेकडील सज्जातले ते वाद्य तर २००० सालचे आहे. बाख यांचा खरा वारसा, माझ्या मते, त्यांनी घडवलेला आणि आजही तिथे गाणारा गायकवृंदच आहे.