हातचा नाही तोवरच

चौकटीच्या वहीत १११११११११ लिहा. मोजून नऊ वेळा १. आता या संख्येला तिनेच गुणा, शाळेत करायचो तसा उभा गुणाकार. खाली नऊ ओळी येतील. प्रत्येकीत तेच नऊ एक, फक्त दर ओळ एक घर डावीकडे सरकलेली. बेरजेला बसलात की उजवीकडच्या पहिल्या घरात एक, पुढच्यात दोन, मग तीन असं चढत मधल्या घरात नऊ येतात आणि तिथून उतरण लागते. उत्तर: १२३४५६७८९८७६५४३२१.

कुठूनही वाचा, सारखंच. एकं, दहं, शतं म्हणत गेलात तर ९ दशकोटीच्या घरात सापडतो आणि टोकाचा १ ‘मध्य’ या स्थानी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातल्या यादीत त्यापुढे एकच नाव उरतं, परार्ध.

ही झाली डेम्लो संख्या. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी असल्या संख्यांचा पाठपुरावा केला. ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे गाजलेले तेच हे कापरेकर. डेम्लो हे तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरचं, मुंबईपासून तीसेक मैलांवरचं स्टेशन. कल्पना सुचली ती तिथे. गणितात नावं पडतात ती बहुधा माणसांची, इथे मान स्टेशनाला मिळाला!

कापरेकरांनीच नाव दिलेली दुसरी जात म्हणजे हर्षद संख्या: आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणारी. आपल्या संख्येतल्या अंकांची बेरीज ८१. योगायोग नाही हा. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक आणि बेरजेत कुठेही हातचा नाही, म्हणून एकही एक वाया गेला नाही. शिवाय १११११११११ ला ९ ने भाग जातो, तेव्हा त्याच्या वर्गाला ८१ ने जाणारच. ही संख्या हर्षदही ठरली.

१११११११११ ला ९ ने भागलं की येतात १२३४५६७९. नीट बघा, ८ गायब! या संख्येचे मूळ अवयव दोनच, ३७ आणि ३३३६६७. त्यावरून आपल्या मोठ्या वर्गसंख्येचे एकूण विभाजक ४५ निघतात. विषम, कारण विभाजकांच्या जोड्या लावताना १११११११११ ला जोडीदार म्हणून स्वतःच मिळतो.

आता त्या ८ चं काय? वहीत आणखी एक १ वाढवा आणि दहा एकांचा वर्ग करा. मधल्या घरात दहा एक जमतात. शून्य मांडलं, हातचा एक. डावीकडच्या घरात नऊ होते, त्यांचे दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्यापुढच्या आठात तो मिळवला की नऊ. तिथे हातचा संपला, सातपासून पुढे सगळं जागच्या जागी. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१, चढणीवरचा ८ नाहीसा. १ ला ८१ ने भागलंत तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असं चालत राहतं, आणि तिथेही ८ चा ९ होतो तो असाच, मागून आलेल्या हातच्याने.