प्रमुख कार्प माशांचे प्रजनन (खानदेश)

खानदेशातील गिरणा, हतनूर, वाघूर व अनेर हे जलाशय आणि नवापूर-नंदुरबारकडील उकाईचा फुगवटा येथे मिळणाऱ्या कटला, रोहू व मृगल या प्रमुख कार्प माशांची संख्या मुख्यतः मत्स्यबीज (माशांची पिले) पाण्यात सोडून राखली जाते.

हे मासे तापी खोऱ्यातील मूळचे की बाहेरून आलेले, याविषयी एकमत नाही. मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी एकोणिसाव्या शतकात कटल्याचा प्रसार कृष्णेपर्यंत दिला आहे. त्यावरून तो तापीतही पूर्वापार असावा, असे मानता येते. रोहू व मृगल यांचे मूळ क्षेत्र मात्र गंगा, सिंधू व ब्रह्मपुत्रा ही खोरीच धरणे अधिक सयुक्तिक दिसते. नदीच्या पात्रात रोहू सापडला, एवढ्यावरून तो तेथील मूळचा ठरत नाही; धरणाचे दरवाजे उघडले की जलाशयात सोडलेले मासेही पुराबरोबर खाली उतरतात.

तळ्याच्या साठलेल्या पाण्यात मादी गाभोळीने भरते, पण अंडी घालत नाही. नैसर्गिक प्रजनन जून ते ऑगस्टच्या सुमारास, पुराच्या नव्या पाण्यात, उथळ काठांवर होते. तळ्यात अंडी न घालण्याची अडचण मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी पोष ग्रंथीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या संप्रेरक-ग्रंथीच्या) अर्काचे इंजेक्शन देऊन दूर केली. पुढे तयार संप्रेरके आली. प्रजनकांची (प्रजननासाठी घ्यायच्या नर-मादींची) निवड हाताने होते : नराचे छातीचे पर खरखरीत लागतात व पोट हलके दाबताच पांढरे शुक्रद्रव्य येते, मादीचे पोट मऊ व फुगलेले, गुदद्वाराजवळची जागा लालसर असते. रोहूची मादी दर किलो वजनामागे साधारण दोन ते तीन लाख अंडी देते. ती चिकट नसतात व पाण्यात फुगतात. म्हणून गोल टाकीत पाणी सतत फिरते ठेवावे लागते. २७ ते २९° से. तापमानात १४ ते २० तासांत पिले बाहेर पडतात. खानदेशात पाऊस लांबला तर तापलेले पाणी हीच मोठी अडचण ठरते.

पिलांच्या पोटाशी असलेला बलक सुमारे तीन दिवसांत संपतो. मत्स्यजिरे (६–८ मिमी.), मत्स्यबीज (सु. २५ मिमी.) व मत्स्यबोटुकली (सु. १०० मिमी.) या पुढील अवस्था होत. जिऱ्यांना खाद्य म्हणून सूक्ष्म प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी) लागतात. जलाशयात बोटुकली सोडणेच श्रेयस्कर. लहान बीज शिकारी माशांच्या तोंडी जाते.

याउलट, कार्प नसलेला मरळ साठलेल्या पाण्यातच वितो व पिलांची राखण करतो. तिलापियाची मादी अंडी तोंडात उबवते आणि वर्षातून अनेकदा विते. त्यामुळे लहान तलावांत तिची संख्या झपाट्याने वाढते.