घर रिकामं करताना जुनी शिंगं, कातडं सापडलं तर काय करायचं? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी पूर्ण प्रोसेस

नौपाडा, कोपरी, चेंदणी, तिकडे वाशी-नेरूळच्या जुन्या बिल्डिंगी, सगळीकडे रिडेव्हलपमेंट चालूये आणि घर रिकामं करताना माळ्यावरून, दिवाणातून काय काय निघतं. आमच्या मामांकडे कोपरीला असंच झालं, आजोबांची ट्रंक उघडली तर आत लाकडी पाटीवर बसवलेली शिंगं आणि खाली घडी घातलेलं मृगाजिन. मामी म्हणाली पूजेचं आहे, राहू दे. मामेभाऊ म्हणाला फोटो टाकतो, बघू कोणी घेतंय का. मी त्याला तिथेच थांबवलं, कारण विकायला आहे असं म्हणून फोटो टाकणं हाच गुन्हा झाला असता. म्हणून हे सविस्तर लिहितोय, बऱ्याच घरांत हा प्रश्न येणारे.

कायदा म्हणजे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२. त्यात ट्रॉफी म्हणजे फक्त भिंतीवरचं वाघाचं डोकं नाही. कातडं, शिंग, हाड, दात, नख, सुळा, कासवाची पाठ, कस्तुरी, अंडी, घरटंसुद्धा त्यात येतं. म्हणजे सोन्यात मढवलेलं वाघनख, ध्यानाला बसायचं व्याघ्राजिन, आजीची हस्तिदंती डबी, सगळंच. वास्तूसाठी भिंतीवर लावतात ते इंद्रजाल हे झाड नाही, समुद्रातलं काळं प्रवाळ आहे, आणि हत्ताजोडी म्हणून जे विकतात ते झाडाचं मूळ नसून घोरपडीचा अवयव असतो, दोन्ही संरक्षित. मोराच्या गळलेल्या पिसाऱ्याच्या पिसांना देशात सूट आहे, त्याची काळजी नको, फक्त परदेशात नेऊ नका. येऊरला फिरताना गळून पडलेलं शिंग दिसलं तर उचलू नका, नॅशनल पार्कातून काहीही आणता येत नाही.

आता मुख्य मुद्दा, ठेवायचा हक्क कोणाला. कायदा आला तेव्हा ज्यांच्याकडे अशा वस्तू होत्या त्यांना ३० दिवसांत डिक्लेअर करायचं होतं. बऱ्याच जणांनी केलं नाही, म्हणून २००३ मध्ये केंद्राने पुन्हा एक संधी दिली, १८ एप्रिल २००३ पासून १८० दिवस. ज्यांनी तेव्हा डिक्लेअर करून मुख्य वन्यजीव रक्षकांकडून ओनरशिप सर्टिफिकेट घेतलं त्यांचं ठीक आहे. त्यामुळे वस्तू सापडली की पहिलं काम हा कागद शोधणं. बँकेच्या लॉकरमध्ये, जुन्या इन्शुरन्सच्या फायलीत, प्रॉपर्टीच्या कागदांत नीट बघा. जुनं शिकारीचं लायसन्स मिळालं तर तेही जपून ठेवा, पण ते सर्टिफिकेटच्या जागी चालत नाही.

सर्टिफिकेट वडिलांच्या नावावर असेल आणि वडील गेले असतील तर वस्तू वारशाने तुमच्याकडे येऊ शकते, पण वारसा मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत तुम्ही डिक्लेरेशन द्यायचं असतं. इथेच लोक चुकतात, कारण घरात माणूस गेल्यावर बँका, सोसायटी, पेन्शन यातच तीन महिने निघून जातात आणि भिंतीवरच्या शिंगांकडे कोणाचं लक्ष नसतं. आणि फक्त वारसाच चालतो हं, वडील हयात असताना बक्षीसपत्र करून मुलाच्या नावावर करता येत नाही.

अर्ज मुख्य वन्यजीव रक्षक, महाराष्ट्र राज्य यांच्या नावाने करायचा, त्यांचं ऑफिस नागपूरला आहे पण तिथे पळायची गरज नाही, ठाण्यात उपवनसंरक्षकांच्या ऑफिसला चौकशी करून तिथून पाठवायचा. सोबत मूळ सर्टिफिकेटची कॉपी, मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा कागद किंवा मृत्युपत्र, बाकीच्या वारसांची लेखी संमती, तुमचं आधार आणि पत्त्याचा पुरावा, वस्तूचे चारही बाजूंनी फोटो आणि लांबी-रुंदी, एवढं तयार ठेवून जा, आणखी काही लागलं तर ते सांगतील. अर्जात प्राणी कोणता हे छातीठोकपणे लिहू नका, सांबर की चितळ हे आपल्याला कळतंच असं नाही, दिसतं तसं वर्णन द्या. नंतर अधिकारी घरी येऊन बघतात, यादी करतात, वस्तूवर ओळखीची खूण करू शकतात. ती खूण पुसायची किंवा खोडायची नाही, पॉलिश करायला दिलं आणि गेली असं व्हायला नको.

सर्टिफिकेट असलं तरी विकता येत नाही. पैसे घेऊन नाही आणि कुठल्याही व्यवहाराच्या बदल्यातही नाही. ठाण्यातून पुण्या-नाशकाला शिफ्ट झालात तर राज्य तेच, पण बंगळुरूला किंवा गोव्याला वस्तू नेली तर ३० दिवसांत कळवावं लागतं.

नको असेल तर सरळ सरेंडर करा, मला मनापासून हेच बरोबर वाटतं, कोणाच्या तरी जिवाची वस्तू आहे ती. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यासाठी वेगळं कलम आलंय. सर्टिफिकेट असलेल्या माणसाने सात वर्किंग डेजची नोटीस द्यायची आणि वस्तू जमा करायची, सर्टिफिकेट रद्द होतं, भरपाई मिळत नाही, वस्तू सरकारची होते.

आणि कागद सापडलाच नाही तर? मामांचं हेच झालं. आता नव्याने मालकी मिळवायचा रस्ता नाही. अशी वस्तू सरकारची मालमत्ता धरली जाते आणि ती हातात आल्यापासून ४८ तासांत जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा वन अधिकाऱ्याला कळवायचं असतं. मामांनी दुसऱ्याच दिवशी साध्या कागदावर लिहून दिलं, कधी, कुठे, कशात सापडलं, सोबत ट्रंकेचा फोटो. जबाब घेतला, पंचनामा झाला, वस्तू घेऊन गेले. प्रत्येकाच्या केसमध्ये एवढ्यावरच संपेल अशी हमी कायदा देत नाही, त्यामुळे वाघ, बिबट्या, हस्तिदंत असं काही असेल तर आधी वकिलाशी बोला, पण त्याच दिवशी बोला. घाबरून खाडीत टाकणं, जाळणं, भंगारवाल्याला देणं अजिबात करू नका. वस्तू तुमच्याकडे सापडली तर ती कायदेशीर आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं, आणि शेड्यूल एकमधल्या, म्हणजे कायद्याच्या सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतल्या प्राण्याची असेल तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं शिक्षा आणि किमान २५ हजार दंड आहे. कोणाला फोन करायचा कळत नसेल तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६.

परदेशातून आणायचं म्हणाल तर, आफ्रिकेत पैसे भरून कायदेशीर शिकार होते आणि तिथले नातेवाईक एखादं शिंग, कातडं भेट म्हणून देतात. २०१५ मध्ये झिम्बाब्वेत सेसिल नावाचा सिंह मारला गेला त्या वर्षीच ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सने सिंहाच्या ट्रॉफी आणण्यावर बंदी आणली. भारतात वन्यप्राण्यांचे अवयव आयात करणं व्यापार धोरणानुसारच अडतं, शिवाय साइट्स (CITES) हा धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार आहे, आपण १९७६ पासून त्यात आहोत. त्या कराराच्या परिशिष्ट एकमधला, म्हणजे सगळ्यात कडक यादीतला प्राणी असेल तर तिकडचं निर्यात परमिट आणि इकडचं आयात परमिट दोन्ही लागतात, तेही धंद्यासाठी मिळत नाही. तिकडच्या दुकानदाराने दिलेलं बिल म्हणजे परमिट नाही, कस्टमला ते दाखवून उपयोग नाही. त्यामुळे नातेवाइकांना निघायच्या आधीच फोन करून नको म्हणून सांगा, बॅग एअरपोर्टला उघडल्यावर सांगायला गेलात तर वेळ गेलेली असते.

अर्ज कोणताही असो, दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर तारीख-शिक्क्यासकट पोच घ्या, ९० दिवसांच्या किंवा ४८ तासांच्या आत कळवलं हे त्या शिक्क्यावरूनच दाखवता येणार.