अंश दिसतो, छेद दिसत नाही: इंग्लंडमधल्या पोरांच्या फुटबॉलचं चुकलेलं गणित

आमच्या चिरंजीवांचा जन्म २९ ऑगस्टचा. आईनं फोनवर नक्षत्र विचारलं होतं, पण इथे इंग्लंडमधे नक्षत्रापेक्षा तारीख जास्त बाधते. शाळेचं आणि फुटबॉलचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं, म्हणजे तीन दिवस उशिरा जन्मला असता तर वर्गात सगळ्यात मोठा झाला असता, आता सगळ्यात लहान आहे.

गेल्या वर्षी त्याला जवळच्याच एका क्लबच्या ॲकॅडमीच्या ट्रायलला घेऊन गेलो. तीसेक पोरं, रंगीत बिब, गवतावर कोन मांडलेले, आईबाप दोरीच्या पलीकडे कुडकुडत उभे. त्यात एक पोरगा बाकीच्यांपेक्षा डोक्यानं उंच. त्याच्या बाबांशी गप्पा मारताना कळलं की त्याचा वाढदिवस सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे आमच्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठा, आणि सात वर्षांच्या पोराला एक वर्ष म्हणजे आख्ख्या आयुष्याचा सातवा हिस्सा की हो! आमच्यानं एकदा बॉल पायाखाली ओढून मस्त गिरकी घेतली, मी टाळी वाजवणार तेवढ्यात त्या उंच पोराचा खांदा लागला आणि हा दोन फूट लांब जाऊन पडला. कोचनं कागदावर काहीतरी लिहिलं. कोणाबद्दल लिहिलं ते आठवड्यानं आलेल्या गोड शब्दांतल्या ईमेलवरून कळलं.

पोरगं अर्ध्या तासात विसरलं, मी काही विसरलो नाही, म्हणून मग वाचत बसलो.

तर याला शास्त्रात सापेक्ष वयाचा परिणाम म्हणतात. १९८५ मधे कॅनडात रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा मांडल्या तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीवाल्यांची गर्दी दिसली, कारण तिकडे वयोगट १ जानेवारीला सुरू होतो. इंग्लंडच्या ॲकॅडम्यांमधे हीच गर्दी सप्टेंबर ते नोव्हेंबरमधे दिसते. खरं तर दर तीन महिन्यांच्या वाट्याला साधारण पाव पोरं यायला हवीत, पण या पहिल्या तीन महिन्यांतली पोरं निम्म्याच्या आसपास असतात आणि जून ते ऑगस्टवाली दहातलं एखादं. ऑगस्टमधे जन्मलेल्यांच्या पायात काय कमी असतं? काही नाही. निवडणाऱ्याला वाटतं आपण टॅलेंट बघतोय, प्रत्यक्षात तो कॅलेंडर बघत असतो. आणि एकदा निवड झाली की त्या पोराला चांगला कोच, चांगलं ग्राउंड, जास्त मॅचेस मिळतात, त्यामुळे दोन वर्षांनी तो खरंच भारी झालेला असतो आणि निवडणारा म्हणतो, बघा, मी म्हणालो नव्हतो?

(आपल्याकडे याच रोगाचं दुसरं रूप म्हणजे वय चोरणं. बीसीसीआयला त्यासाठी मनगटाच्या हाडांचा एक्स-रे काढावा लागतो, आणि सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला फिफा मनगटाचा एमआरआय करते. मोठ्या अंगाचा फायदा सगळ्यांनाच माहितेय, इंग्लंडमधे तो फक्त खोटा दाखला न काढता मिळतो.)

पण नुसतं अंग मोठं असून एवढा फायदा का व्हावा? कारण खेळच तसा मांडला होता. अगदी अलीकडेपर्यंत इथे दहा-अकरा वर्षांची पोरं मोठ्यांसारखी अकरा-अकरा खेळायची, बऱ्याचदा मोठ्यांच्याच ग्राउंडवर. गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच, त्यात साडेचार फुटाचा गोलकीपर. बावीस पोरं आणि बॉल एक. अशा ठिकाणी नाजूक पासिंगपेक्षा कोणाची किक लांब जाते आणि कोण आधी धावत पोचतो यालाच भाव येणार, मग कोच तीच पोरं निवडणार. यात कोचचा दोष म्हणावा तर तो बिचारा कोणाचा तरी बाबाच असतो, आठवडाभर नोकरी करून रविवारी सकाळी फुकट उभा राहणारा. त्याला शिकवणार कोण? २०१० च्या वर्ल्डकपच्या वेळी युएफाचे (युरोपच्या फुटबॉल संघटनेचे) आकडे छापून आले होते, त्यात बी, ए आणि प्रो या तिन्ही पायऱ्या मिळून लायसन्सवाले कोच इंग्लंडमधे २,७६९, स्पेनमधे २३,९९५ आणि जर्मनीत ३४,९७०. त्याच वर्ल्डकपला जर्मनीनं इंग्लंडला ४-१ नं धुतलं, नंतर स्पेननं कप नेला.

आणि जे शिकवलं जात होतं त्यातही एक गंमत आहे, माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी गंमत.

चार्ल्स रीप नावाचा एक माणूस होता, रॉयल एअर फोर्समधे अकाउंटंट. १८ मार्च १९५० ला स्विंडनची मॅच बघताना वैतागून त्यानं वही-पेन्सिल काढली आणि प्रत्येक चाल (बॉल मिळाल्यापासून जाईपर्यंतचे पास) टिपायला लागला, ते पुढे अनेक वर्षं. १९६८ मधे बर्नार्ड बेंजामिन या संख्याशास्त्रज्ञाबरोबर त्यानं पेपर लिहिला. त्याच्या नोंदींवरून लोकांनी लक्षात ठेवलं ते हे की साधारण ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासच्या चालीतून होतात. मग उगाच पास पास कशाला खेळायचं, उचला आणि टाका पुढे! पुढे चार्ल्स ह्यूज हे फुटबॉल असोसिएशनचे (इंग्लंडमधलं फुटबॉल चालवणाऱ्या संस्थेचे) कोचिंगचे डायरेक्टर झाले, त्यांची मांडणीही याच वळणाची होती, आणि तीच कोर्सेसमधून देशभरातल्या कोचेसपर्यंत झिरपली.

आता शाळेतलं अपूर्णांकाचं गणित आठवा. ८० टक्के हा नुसता अंश झाला, छेद कुठाय? एकूण चालींपैकी तीन किंवा कमी पासवर संपणाऱ्या चाली किती होत्या? ९० टक्क्यांहून जास्त! समजा हजार चालींत दहा गोल झाले. त्यातल्या ९१५ चाली छोट्या, त्यांतून ८ गोल, म्हणजे साधारण ११४ चालींमागे एक. उरलेल्या ८५ लांबलचक चाली, त्यांतून २ गोल, म्हणजे ४२-४३ चालींमागे एक. ज्या पद्धतीला फालतू म्हणून हिणवलं तीच अडीच पटीहून जास्त फळ देत होती! आता लांब चाली मुळात चांगल्या टीमच जास्त खेळतात, म्हणून हे गणितही डोळे झाकून घेऊ नये, पण रीपचा निष्कर्ष यातून निघत नाही एवढं नक्की. २००५ मधे माइक ह्यूज आणि इयान फ्रँक्स यांनी वर्ल्डकपच्या मॅचेसवर असाच छेद लावून हिशोब करून दाखवला. पण तोपर्यंत दोन-तीन पिढ्यांनी टचलाइनवरून "गेट रिड!" (म्हणजे बॉल लांब उडव!) ऐकत बालपण काढलं होतं. अजूनही ऐकू येतं म्हणा, आमच्या ग्राउंडवर गेल्याच रविवारी एक आजोबा ओरडत होते.

सुधारणा झाल्या, नाही असं नाही. २०१२ मधे असोसिएशनच्या सभासदांनी मत दिलं आणि सात-आठ वर्षांखालची पोरं पाच-पाच, मग सात-सात, मग नऊ-नऊ आणि अंडर-१३ पासून अकरा-अकरा असं ठरलं, ग्राउंड आणि गोलही लहान. त्याच वर्षी सेंट जॉर्जेस पार्क हे असोसिएशनचं राष्ट्रीय ट्रेनिंग सेंटर सुरू झालं आणि ॲकॅडम्यांना चार कॅटेगऱ्यांत बसवणारी नवी योजनाही आली. त्या योजनेत एक मेख होती, लहान क्लबचं पोर मोठ्या क्लबनं उचललं तर भरपाई ठरलेल्या दरानं, ९ ते ११ वयासाठी तर वर्षाला फक्त ३,००० पाउंड. लंडनच्या ब्रेंटफर्ड क्लबनं २०१६ मधे सरळ ॲकॅडमीच बंद केली, आम्ही पोरं वाढवायची आणि तुम्ही चिल्लर देऊन न्यायची, असा एकूण सूर (पुढे परत सुरू केली ते सोडा).

आणि फळ दिसलं ते चक्क आपल्याकडे. २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप आठवतोय? २१ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर इंग्लंडनं अमेरिकेला ४-१ हरवलं, ऱ्हियन ब्रूस्टरची हॅटट्रिक. आठवड्यानं कोलकात्यात फायनल, स्पेननं दोन गोल आधी मारलेले आणि तरी इंग्लंड ५-२ नं जिंकलं. त्या टीमचा हिरो फिल फोडन, चणीनं लहानखुरा, बॉल पायाला चिकटलेला. जुन्या हिशोबात हा पोरगा टिकला असता का, मला शंका आहे.

वाढीच्या प्रश्नावर जे चाललंय ते तर मला फारच आवडलं. मुलांची उंची सगळ्यात जोरात वाढते ती सरासरी साडेतेरा-चौदाच्या आसपास, पण कोणाची बाराव्या वर्षी तर कोणाची पंधराव्या. त्यामुळे एकाच वर्गातल्या दोन तेरा वर्षांच्या पोरांच्या शरीराच्या वयात चार-पाच वर्षांचा फरक असू शकतो, एकाला मिसरूड आणि दुसरा अजून बाळसेदार. यावर बाथ युनिव्हर्सिटीच्या शॉन कमिंग यांच्यासारख्या संशोधकांनी प्रीमियर लीगबरोबर बायो-बँडिंग करून बघितलं. पोराची उंची, वजन, वय आणि आईबापाची उंची घ्यायची, खामिस-रोश नावाच्या १९९४ च्या सूत्रात घालायची, मोठेपणी किती उंच होईल ते काढायचं आणि आज त्याच्या किती टक्के झालाय ते बघायचं. मग ८५ ते ९० टक्केवाल्यांना एकत्र खेळवायचं, वय ११ असो की १४. लवकर वाढलेल्यांना पहिल्यांदाच डोकं चालवून खेळावं लागलं, लहानग्यांना पहिल्यांदाच बॉल मिळाला.

इथे कोणीतरी हॅरी केनचं नाव काढणारच. जन्म २८ जुलै, आर्सेनलनं आठ-नऊ वर्षांचा असताना सोडून दिलेला, जरा गुबगुबीत म्हणून, आज इंग्लंडचा सर्वाधिक गोल मारणारा. किंवा जेमी व्हार्डी, लहान चणीचा म्हणून सोळाव्या वर्षी शेफील्ड वेन्सडेनं काढला, मग फॅक्टरीत काम करत खालच्या लीगमधे खेळला आणि २०१६ मधे लेस्टरबरोबर प्रीमियर लीगचा चॅम्पियन. गोष्टी छानच आहेत, पण हाही अंशच की. छेदात किती केन आणि किती व्हार्डी बसलेत, जे सोळाव्या वर्षी घरी गेले ते परत आलेच नाहीत, ते कोण मोजणार? जून-जुलैवाले जे ॲकॅडमीत टिकून राहतात ते पुढे बऱ्याचदा मोठ्यांना मागे टाकतात असंही दिसलंय, आणि ते ऐकून आमच्या ग्रुपवर एकानं "स्ट्रगलनंच माणूस घडतो" असं टाकलं. अरे बाबा, जे टिकले त्यांच्याबद्दलच बोलतोयस तू.

२०२६-२७ पासून अंडर-७ ची पोरं तीन-तीन खेळणार आहेत. आमच्याचं ते वय गेलं. काल रात्री मी त्याचे आकडे त्या उंचीच्या सूत्रात घालून बघितले, माझी उंची पाच फूट सहा आणि बायकोची पाच फूट दोन. उत्तर आलं पाच सहाच्या आसपास, म्हणजे फोडनपेक्षा जेमतेम इंचभर कमी, हे मी खुशीत येऊन सांगितलं तर बायको भांडी लावता लावता म्हणाली, "उंचीचं राहू दे, त्याचे बूट घट्ट झालेत, ते आधी बघ."