कॉम इंटरऑप

मायक्रोसॉफ्टच्या ‘कॉम’ (कंपोनंट ऑब्जेक्ट मॉडेल) पद्धतीने (१९९३) बनवलेले जुने सॉफ्टवेअर-घटक प्रोग्राम लिहिण्या-चालवण्याच्या नंतरच्या डॉट नेट चौकटीतून (पहिली आवृत्ती २००२) जसेच्या तसे वापरण्याची सोय. व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी ६) या प्रोग्रामिंग भाषेत (१९९८) लिहिलेल्या डीएलएल (इतर प्रोग्रामांनी वापरायचा कोड) आणि ओसीएक्स (पडद्यावरची तयार नियंत्रणे) फायलींसाठी ती विशेष उपयोगी पडते.

कोकण किनाऱ्यावरचे एक उदाहरण घेऊ. देवगड-रत्नागिरीकडच्या हापूसच्या पेट्या वाशीच्या बाजारात जातात आणि विक्रीतून भाडे, हमाली वजा होऊन बागायतदाराला पट्टी, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी, येते. पट्टीचा हिशेब तपासणारी व्हीबी ६ ची डीएलएल हाताशी असेल, तर ती नव्याने लिहिण्यात धोका असतो. व्हीबी ६ चा ‘इंटिजर’ (पूर्णांकाचा प्रकार) १६ बिटांचा, तर डॉट नेटवरच्या नव्या व्हीबीचा ३२ बिटांचा; शब्द तोच, माप वेगळे. शिवाय पेटी चार डझनांची की पाच, फुटलेला माल कोणाच्या खात्यात, असे नियम बहुधा फक्त त्या कोडमध्येच असतात. लिहिणारा कधीच मुंबईला गेलेला असतो.

अशा डीएलएलची टाइप लायब्ररी (तिच्यातल्या घटकांची यादी) वाचून ‘टीएलबीइम्प’ हे साधन इंटरऑप असेंब्ली (त्या घटकांचे डॉट नेटला समजणारे वर्णन) तयार करते. चालू प्रोग्राममध्ये ‘रनटाइम कॉलेबल रॅपर’ हा मध्यस्थ उभा राहतो. तो कॉमच्या ‘करन्सी’ या पैशांच्या प्रकाराचे डॉट नेटचे ‘डेसिमल’ करतो आणि कॉमच्या त्रुटी-क्रमांकाचे एक्सेप्शन (डॉट नेटची त्रुटी-सूचना) करतो. मेमरीचा व्यवहार मात्र नाजूक आहे. कॉम घटक आपल्याला वापरणाऱ्यांचे संदर्भ मोजतो आणि ते संपले की मोकळा होतो, तर न लागणारी मेमरी मोकळी करणारा डॉट नेटचा कचरा-संकलक आपल्या सवडीने फिरतो. त्यामुळे एक्सेलमधून (तेही कॉममार्फतच चालवले जाते) पट्टी छापून झाली, खिडकी बंद झाली, तरी टास्क मॅनेजरमध्ये एक्सेल लटकलेलेच दिसते. नेहमीची तक्रार आहे ही.

नेहमीची दुसरी अडचण ८००४०१५४ या त्रुटीची, म्हणजे ‘क्लास नोंदलेला नाही’. अनेकदा नोंदणी झालेली असते, पण ३२ बिटांची डीएलएल ६४ बिटांच्या प्रोसेसमध्ये (चालू प्रोग्राममध्ये) चढतच नाही. प्रोजेक्टचे लक्ष्य ‘एक्स ८६’ (म्हणजे ३२ बिट) ठेवले की बहुधा काम भागते. प्रोग्राम ६४ बिटांचाच हवा असेल, तर डीएलएल वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवावी लागते.

मराठीचा पेच याहून अवघड. युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची समान संकेतप्रणाली) येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये साठवलेली बागायतदारांची नावे प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात. तो फॉन्ट लावला तरच ती देवनागरी दिसतात. रॅपर मजकुराचा प्रकार बदलतो, अर्थ नाही. त्यामुळे नव्या पडद्यावर ‘सावंत’ऐवजी अगम्य चिन्हांची ओळ उमटते. त्यासाठी त्या-त्या फॉन्टचा तक्ता घेऊन वेगळे रूपांतर करावे लागते. वेलांटी आणि रफार यांची जागा बदलत असल्याने अक्षराला अक्षर जोडून ते होत नाही.

व्हीबी ६ च्या विकास-साधनाचा आधार २००८ मध्ये संपला, पण त्याचे रनटाइम (तयार प्रोग्राम चालवणारा भाग) विंडोज ११ वरही चालते. डॉट नेट कोअर ही डॉट नेटची नवी चौकट; तिच्या ३.० आवृत्तीपासून (२०१९) तिच्यातही कॉम घटक वापरता येतात, मात्र फक्त विंडोजवर. लिनक्स सर्व्हरवर ही सोय नाही.