पीएनजी केलं की फोटो क्लिअर होतो का?

"अंधुक जेपीजी पेंटमध्ये उघडा, पीएनजी म्हणून सेव्ह करा, क्लिअर होतो," हा सल्ला बरीच वर्षं फिरतोय. (जेपीजी आणि पीएनजी हे चित्र सेव्ह करायचे दोन फाइल-प्रकार, पेंट म्हणजे विंडोजमधला चित्रांचा प्रोग्राम.) सांगलीत हळदीच्या दुकानाचा लोगो फ्लेक्सवाल्याकडे न्यायचा असला की कुणीतरी सांगतंच.

फाइल बहुतेकदा फुगते, त्यामुळे हे पटतंही. पण जेपीजी सेव्ह होतानाच बारीक तपशील गाळला जातो. पीएनजी फक्त उरलेलं जसंच्या तसं ठेवतं. गेलेलं परत कुठून येणार?

पडताळा पेंटमध्येच घ्या. दोन्ही फाइलींवर कंट्रोल आणि ई दाबा: पिक्सेल तेवढेच. मग झूम पार वाढवून 'हळद'मधल्या 'ह'ची कड बघा. पांढऱ्यावर करडे-पिवळट डाग दिसतील, दोन्हीकडे सारखेच. लोगो पहिल्यापासून पीएनजीत ठेवला असता तर हे डाग पडलेच नसते. पीएनजीचा खरा उपयोग तो.

आता डाग पुसायचे तर कलर १ मध्ये डागाचा रंग घ्या, कलर २ पांढरा ठेवा आणि खोडरबर माउसच्या उजव्या बटणाने फिरवा. तेवढीच छटा जाते, अक्षर शाबूत राहतं. छटा मात्र ढीगभर असतात, त्यामुळे काम किचकट. मूळ फाइल कुणाकडे असेल तर आधी ती मागवा.